पप्पांचं अर्धं

"मम्मी, ते आपलं आहे. पप्पांचं म्हण ना."

कार्मेलीन दचकून गप्प झाली. कपाटावरच्या मरियामातेसमोर मेणबत्ती लावून, गुडघे टेकून, माळ हातात घेऊन तिने सुरुवात केली होती, आणि तोंडातून निघालं होतं ते प्रार्थनेचं दुसरं अर्धं. मागे आग्नेस आणि धाकटा ज्यो गुडघ्यांवर होते.

रोजरी अशी वाटून घ्यायची असते. घरचा कर्ता 'नमो मरिये' म्हणत सुरू करतो आणि येशूच्या नावापर्यंत आणून सोडतो. तिथून पुढचं 'पवित्र मरिये, देवाच्या माते' बाकीच्यांनी उचलायचं, ते थेट 'आमच्या मरणाच्या वेळी'पर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. मच्याडोंच्या घरात लग्नाच्या दिवसापासून पहिलं अर्धं नवऱ्याचं, इनासचं, आणि दुसरं कार्मेलीनचं. मुलं झाली ती तिच्या बाजूला जमा झाली. पहिलं अर्धं तिला येत नव्हतं असं कसं म्हणावं? वसईला आजीच्या मांडीवर शिकली होती ती. पण जीभ मेली सवयीची. वर्षानुवर्षं उत्तरच देत आलेली. सवाल करायला सांगितलं तर पुन्हा उत्तरच देत होती.

सात दिवस निभावलं, कारण सात दिवस चर्चचे मास्तर येऊन रोजरी सांगत होते. काल चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस्सा झाली, मास्तर आपल्या घरी गेले. आजपासून हे घर आणि ही माळ.

"आग्नेस, तू सांग गं."

"मी नाही."

"येतं ना तुला?"

"येतं. पण मी म्हटलं, तर मतलब... मग पप्पा खरंच नाहीत." चौदा वर्षांच्या पोरीने ओठ दातांत धरला.

कार्मेलीनने पुन्हा डोळे मिटले. या घरात रोजरी कधी मोडली नव्हती. आग्नेसला गोवर आला तेव्हा नाही, स्नेहलतागंजात राहायला आले तेव्हासुद्धा नाही; सामान टांग्यातून उतरायच्या आधी, रिकाम्या खोलीत म्हटली होती. आता आपल्या हातून मोडणार, एवढंच तिला दिसत होतं. आणि मोडली की इनासचं या घरातलं शेवटचं काहीतरी उठून जाणार.

चुलीवर दूध तापत होतं. बाहेर ओट्यावर मालोजी बसला होता.

मालोजी रोज येई. होळकरांच्या घोडदळात होता. संस्थानं गेली, मध्यभारत झालं, फौज मोडली. ज्या दिवशी त्याचा घोडा दुसरा कोणी लगाम धरून घेऊन गेला, त्या दिवशी मालोजीची वाचा गेली. थोरला भाऊ तुकोजी त्याला दोन वर्षांपूर्वी इथे इनासकडे घेऊन आला होता. "मास्टरसाब, देव झाले, धागे झाले, झाडफूंक झाली. आता कोणी बोललं की कॉलेजात मनाचे डाक्टर आहेत. बघा काही होत असेल तर."

इनास कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा आणि आठवड्यातून दोनदा वेड्यांच्या इस्पितळात जायचा. गल्लीत त्यामुळे त्याला 'पागलों के प्रोफेसर' म्हणत, आणि तो हे स्वतःच हसत हसत घरी सांगे. त्याची रीत वेगळी होती. माणसाला समोर बसवायचा नाही. ओट्यावर कॉलेजने टाकून दिलेलं एक बाक होतं. त्याच्या एका टोकाला येणारा, दुसऱ्या टोकाला हा, आणि दोघांची तोंडं रस्त्याकडे. कार्मेलीनने एकदा विचारलं, "अहो, हे काय, स्टेशनवर गाडीची वाट बघितल्यासारखं?" तर म्हणाला, "समोर बसलं की माणूस जबाब देतो. शेजारी बसलं की बोलतो."

मालोजी बोलला मात्र नाही. एकदा रस्त्यातून टांग्याचा लंगडा घोडा जाताना तो उठला, टांगा थांबवला, खूर उचलून बघितला आणि परत येऊन बसला. त्या संध्याकाळी इनास पोरासारखा आत आला. "कार्मेलीन! मालोजी उठला!" आग्नेसला गणितात पहिला नंबर मिळाला तेव्हाही त्याचा चेहरा एवढा फुलला नव्हता. बाकी कोण काय सांगून गेलं, त्यातला एक शब्द त्याने कधी घरात आणला नाही. पापनिवेदन ऐकलेल्या फादरसारखा येई, हात धुई आणि ज्योला पाठीवर घेऊन घोडा होई. शनिवारी संध्याकाळी चौघांच्या जोड्यांना पॉलिश करून खिडकीखाली ओळीने मांडी. त्यात कार्मेलीनच्या चपलाही. ती म्हणे, "चपलांना कोण पॉलिश करतं?" तो म्हणे, "चर्चमध्ये तू गुडघे टेकतेस तेव्हा मागच्यांना चपलाच दिसतात."

आणि सात वाजता रोजरी. ओट्यावर कोणी बसलं असलं तरी दार उघडं ठेवून. मालोजी तिथूनच ऐके.

इनास गेलाही कॉलेजातच, फळ्याकडे तोंड करून, हातात खडू. दीड तासाने दोन प्राध्यापक घरी आले आणि ओट्यावरच घुटमळले. नाताळची कागदी चांदणी अजून त्यांच्या डोक्यावर लटकत होती. ती उतरवायचं काम इनासचं होतं.

तेव्हापासून जो येई तो एकच विचारी. आज दुपारी शेजारच्या शालिनीबाईंनीही विचारलं होतं. खिचडीचं पातेलं खिडकीतून आत देत म्हणाल्या, "दोन घास तरी खाऊन घ्या हो. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, आमचे साहेब तर सरकारसोबत तिकडे गेलेत, फायली रेल्वेत चढल्या की त्यांच्यामागे हे. मी एकटी कोणासाठी रांधू? आणि हे काळं पातळ... आम्ही तर संक्रांतीला नेसतो हो काळं. तुमच्याकडे बघवत नाही." मग आवाज उतरवून, "मच्याडोबाई, काही तकलीफ होती का त्यांना? छातीत वगैरे?"

"नाही हो. एक दिवस आजारी नव्हते."

डॉक्टरांना तेच, फादर हर्मनना तेच, वसईहून तार करणाऱ्या दिरालाही तेच. सांगताना मान जराशी ताठ व्हायची तिची. नवऱ्याचं दुखणं जिला ठाऊक नाही अशी ती बायको नव्हती. त्याचं सदऱ्याचं सुटलेलं बटणसुद्धा तिला लांबून दिसे.

उलट गेल्या पावसाळ्यापासून त्याची भक्ती वाढली होती. पूर्वी रोजरी सरळ म्हणायचा. आता येशूचं नाव आलं की थांबायचा. मान खाली, एक हात छातीवर, आणि मग कुठे बाकीच्यांना पुढचं उचलता यायचं. फादर हर्मननी तर चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, जर्मन जिभेच्या हिंदीत, "प्रोफेसर मच्याडो को देखो. प्रभु का नाम आता है, तो वे रुकते हैं. आप लोग मालगाड़ी के माफिक निकल जाते हैं!" सगळे हसले होते. इनासचे कान लाल झाले होते. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं.

घरी मात्र कार्मेलीनची पंचाईत व्हायची. चुलीवर दूध, आणि याचं थांबणं संपत नाही. एकदा ती बोललीच, "देवाला घाई नसेल हो, पण दुधाला आहे!" तो हसला होता. दुसऱ्या दिवसापासून तिनेच युक्ती काढली. नाव आलं रे आलं की त्याचं थांबणं संपायच्या आत आपलं अर्धं सुरू करायचं.

"मम्मी," ज्योने हळूच विचारलं, "आज नाही का करायची?"

तिने तोंड उघडलं. पुन्हा तेच, 'पवित्र...' तिने हाताने तोंड दाबलं. मेणबत्तीची ज्योत हलली. आता उठावं, असं तिने मनाशी ठरवलं, आणि एक हात जमिनीला टेकला.

बाहेरून आवाज आला.

"नमो मरिये, कृपेने पूर्ण..."

जाडाभरडा, वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजल्या कडीसारखा आवाज. आग्नेसने मान वळवली. उघड्या दारातून बाकाचं टोक दिसत होतं. मालोजी ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर, तोंड रस्त्याकडे. शेजारची जागा मोकळी. शब्द मराठा घोडेस्वाराच्या तोंडचे नव्हतेच. वसईचा हेल घेऊन येत होते. इनासचा हेल. जसं ऐकलं होतं तसं, एकही शब्द न गाळता.

"...आणि धन्य तुझ्या उदराचं फळ, येशू."

आणि मालोजी थांबला.

मान खाली गेली. उजवा हात उचलून छातीवर आला. मग बैलासारख्या त्या धडधाकट छातीत एक बारीक, तुटका श्वास आत ओढला गेला, मध्येच अडला, आणि पुन्हा जोर करून ओढला गेला. मालोजीला वाटलं असेल, हाही प्रार्थनेचाच भाग. जसा ऐकला तसा त्याने पाठ केला होता.

"अगदी पप्पांसारखं," ज्यो कुजबुजला.

कार्मेलीन हलली नाही. ती भक्ती नव्हती. एवढे महिने, रोज संध्याकाळी, तिच्यापासून हातभर अंतरावर, ती भक्ती नव्हती. त्याला श्वास पुरत नव्हता. आणि ती त्या श्वासावरून पुढे निघून जात होती, तेच अर्धं म्हणत, ज्याच्या शेवटी मरणाची वेळ येते.

"मम्मी, आपलं आहे," आग्नेसने तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्हण ना गं."

तिने म्हटलं. पोरांनी पुढचे शब्द धरले आणि शेवटाला नेले. बाहेर मालोजीने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा नाव आलं. पुन्हा तो थांबला.

चुलीवरचं दूध फसफसत वर आलं, उतू गेलं. निखाऱ्यांवर चर्र झालं, करपल्याचा वास घरभर पसरला. ज्यो अर्धा उठला.

"खाली बस," कार्मेलीन म्हणाली.

आणि डोळे मिटून, दारापलीकडचा तो श्वास पुरता आत जाईपर्यंत, ती थांबून राहिली.