कान तुटका कप

जुन्नरच्या पेठेत गुलाबबाईंएवढं दयाळू माणूस नाही. केर काढताना मुंगी आडवी आली, तर तिचं अख्खं वऱ्हाड पार होईस्तोवर बाई झाडू हवेत धरून उभ्या राहायच्या. सूर्य बुडाला की पाण्याचा घोटही नाही. जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायच्या, शीतभरही वाया जायला नको.

भांडी घासणाऱ्या भागूचा चहा मात्र मोरीच्या खिडकीतल्या कान तुटक्या कपात. का, तर भागू बोंबील खाते.

एप्रिलात एकदा काम करता करता भागूला भोवळ आली. हाताला लागला तो फळीवरचा पेला तिनं उचलला आणि पाणी प्याली.

"अगं, मासळी खातेस त्याच तोंडानं?" गुलाबबाईंनी पेला भंगारात टाकला.

भागूनं राहिलेली भांडी घासली, पालथी घातली आणि कड्यावरच्या घाटघरला आईकडं निघून गेली.

आठ दिवस दुसरी बाई मिळेना, तेव्हा नातू संयमच्या गाडीतून गुलाबबाई भागूला आणायला निघाल्या. वाटेत टायर पंक्चर. पोचल्या तेव्हा ऊन कलतीला आलेलं, पोटात सकाळपासून काही नाही.

दारात भागूची आई, अंबाबाई.

"या बाई! वाऱ्यानं उडाल्या न्हाई न्हवं? आमच्या घाटावर कोंबडी बसती हितं, आन अंडं पडतंय खाली कोकनात..." तिनं जीभ चावली. "अगं बया! तुमच्यापुढं अंडं न्हाई काढायचं!"

संयम हसला. भागू हसली नाही. तिनं पाणी दुपदरी फडक्यातून गाळलं, उकळलं. नाचणीची भाकरी, तुरीचं वरण. कांदा नाही, लसूण नाही. मग फळीवरून एक कोरं ताट काढलं.

"दोन वर्सं झाली घिऊन," अंबाबाई म्हणाली. "भागू म्हनली, बाई कंदी आल्या तर त्यांचा नेम मोडाया नको. ह्यात आमी कुनी जेवत न्हाई."

गुलाबबाईंनी ताटाकडं पाहिलं. वेगळं भांडं त्यांनीही ठेवलं होतं. मोरीच्या खिडकीत.

सूर्य डोंगराला टेकला होता. कसंबसं जेवल्या, सवयीनं ताट धुऊन पाणी प्यायल्या. मान काही वर होईना.

"चुकलं माझं, भागू. चल परत."

"व्हय, चुकलं," भागू म्हणाली. "पर मी न्हाई येत, बाई." तिनं ताट पुसलं, परत फळीवर ठेवलं. "तुमी कंदीबी या. हे हितंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबबाईंनी खिडकीतला कप घेतला, त्यात आपला चहा ओतला.

"मम्मीजी, तो भागूचा कप आहे!" सून खुशबू ओरडली.

"आता माझा."

उचलला, तर बोटं पोळली. पदरानं धरला, तरी पोळली.

"खुशबू, चार वर्षं ती हा कसा धरायची गं?"

त्या घरात कुणी कधी बघितलंच नव्हतं.

तुमच्याही मोरीच्या खिडकीत एकदा डोकावून या.