सासूबाईंचा कडू लेप

आमच्या सासूबाई, कासिनेम, सगळ्यांच्या म्बाह म्हणजे आजी, पाठीला टोपली बांधून क्लातेनच्या बाजारात जामू विकतात. जामू म्हणजे काढे. त्यांच्या जिभेचीही चव तीच. रोज सकाळी एक पेला मलाही मिळतो. गिऱ्हाइकांना कडू काढ्यावर गुळाचं पाणी देतात, मला मात्र लग्न झाल्यापासून एकदाही नाही. "सुनेनं कडू प्यावं, अंगी लागतं," म्हणे.

अंगठा चोखणाऱ्या पोरांसाठी त्यांचा ब्रोतोवालीचा लेप गाजलेला. ही वेल आपल्या गुळवेलीची बहीण, पण कडूपणात थोरली. पोरं एकदा चाटतात आणि अंगठ्याला कायमचा रामराम ठोकतात. फक्त आमची पाच वर्षांची वेनिंग तेवढी खुशाल चोखत बसायची. सासूबाई रोज स्वतःच्या हातानं लेप लावायच्या, तरीही. दातांचे डॉक्टर म्हणाले, "वरचे दात पुढे येताहेत. पक्के दात यायच्या आत सवय मोडा, म्हणजे बरंचसं आपसूक सावरेल. नाहीतर पुढं तारा लावाव्या लागतील." माझा जीव टांगणीला लागला.

त्यातच एकदा मी वेनिंगला घेऊन बाजारात सासूबाईंजवळ बसले होते, तेव्हा रुस्मीबाई आल्या, नातवासाठी लेप न्यायला.

"काय हो म्बाह, दिव्याखाली अंधार? तुमचीच नात बघा कशी चोखतेय. लेप आहे की चिखल?"

चार बायका वळून बघायला लागल्या. रुस्मीबाईंनी वेनिंगच्या अंगठ्यावरचा लेप बोटावर घेतला आणि चाटला.

"अगं बाई, हा तर गोड आहे."

सासूबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. गावभरच्या पोरांना रडवणारी ही बाई नातीच्या लेपात गूळ कालवत होती. मला संताप आला, कारण दात माझ्या लेकीचे वाकडे होत होते. पण चारचौघींत त्यांची मान खाली गेलेली मला बघवेना.

"मीच कालवला गूळ," मी म्हणाले. "पोरीचं रडणं सोसवत नाही. आईंना पत्ताच नव्हता."

"आजकालच्या सुना," रुस्मीबाई म्हणाल्या आणि लेप घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी वेनिंगनं अंगठा तोंडात घातला आणि भोकाड पसरलं.

"म्बाह, कालचा लाव ना."

"संपला तो," सासूबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागल्या.

मग त्यांनी माझा पेला पुढे सरकवला. मी सवयीनं नाक दाबून एक घोट घेतला आणि थांबले. काढा गोड होता.