तावोलाला कुणी मागत नाही

मी तावोला बोलतोय. नाव ओळखीचं वाटलं नाही ना? वाटणारही नाही. फोन म्हटलं की लोकांच्या तोंडी दोनच नावं येतात, आणि त्या दोन्हींत मी नाही.

माझा जन्म सुवा शहरात, वालू बेच्या धक्क्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे अकरा बायका लांब टेबलाशी बसून फोन जुळवायच्या. माझे स्क्रू त्यांतल्या उनाइसीने बसवले. माझी पाठ उघडते, आतली बॅटरी काढता येते, आणि पेटीत जोडीला दुसरी बॅटरी असते. भर उन्हातही माझा चेहरा स्पष्ट दिसतो. पेटी बंद करताना उनाइसी म्हणाली, "जा बाबा. कुणीतरी तुझी वाट पाहत असेल."

मला ते खरंच वाटलं.

मग कमिंग स्ट्रीटवरच्या राजनेशभाईंच्या दुकानात मी सात महिने पडून होतो. काचेच्या कपाटात वरच्या फळ्यांवर ती दोन मोठी घराणी, आणि तळाशी, वायरींच्या गुंडाळ्यांशेजारी, मी. कधी एखादं गिऱ्हाईक वाकून बघायचं.

"हा कुठला?"

"आपला वालू बेचा."

"इथलाच? मग नको."

लांबून आलो असतो तर निदान हातात तरी घेतलं असतं, असं मला वाटायचं.

एके दिवशी लिटिया आली. कोरो बेटावरून बोटीने आलेली, हातात विणलेली टोपली. तिने वरच्या फळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राजनेशभाई, कुणालाच नको असेल असा फोन दाखवा."

"बाई, लोक चांगला माल मागतात."

"चांगले दोन नेले की. एक चार दिवस राहिला, दुसरा नऊ. दोन्ही माझ्या मामेबहिणीने मागून नेले."

राजनेशभाईंना आणखी सांगावं लागलं नाही. बेटांवर केरेकेरे चालतं. कुणी आपल्याकडे येऊन नम्रपणे एखादी वस्तू मागितली, की ती द्यायची. नाही म्हणायचं नाही. लिटियाची मुलगी लोसाना दोन वर्षांपासून टास्मानियात फळं तोडायला गेली होती. दर रविवारी चर्चनंतर तिचा फोन यायचा. लिटियाचा फोन कुणी मागून नेला, की तिचा रविवार मुका व्हायचा.

म्हणून तिने मला घेतलं. मी कुणालाच नको होतो, हाच माझा गुण ठरला.

मामेबहीण केलेरा पहिल्याच संध्याकाळी आली. तिने मला उलटंपालटं केलं.

"हे काय आणलंस गं? साबणाची वडी?"

"फोन आहे."

"त्या दोघांपुढे याला कोण विचारतंय? राहू दे तुलाच."

लिटिया मान खाली घालून कसावा सोलत राहिली. ती हसत होती, ते फक्त मला दिसलं. तिला हायसं वाटलं होतं. मला मात्र वाटलं, एकदा तरी कुणीतरी माझ्यासाठी या दारात यावं.

तरी त्या घरचे माझे दिवस सुखाचे होते. शनिवारीच लिटिया मला कपड्याच्या टोकाने पुसून ठेवायची. रविवारी बायबलशेजारी ठेवून वाट बघायची.

"आई, तू शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं वाटतंय," लोसाना म्हणाली. "पण ही कंपनी टिकेल का गं त्या मोठ्यांपुढे?"

"ते मला काय कळतंय? माझ्याकडे टिकला, म्हणजे झालं."

मग एकदा ठरल्या दिवशी बोट आली नाही. समुद्र खवळलेला होता. गावचं जनित्र चालवायला डिझेल उरलं नाही. दुसऱ्या रात्रीपर्यंत घरोघरचे भारी फोन काळे पडले. केलेराचे दोन्ही गेले. तिची सून सुवाच्या इस्पितळात होती, पहिलं बाळंतपण, आणि खबर कळायला वाट नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चटईवर येऊन बसली.

"काय गं, साबणाची वडी शोधत आलीस?" लिटिया म्हणाली.

"गप बस, आणि तो इकडे दे."

तीन दिवस ती माझ्याजवळून हलली नाही. लिटियाने दुसरी बॅटरी घातली, आणि केलेराने इस्पितळात माझा नंबर कळवला. रोज सकाळी आणि संध्याकाळी थोडाच वेळ ती मला जागं करायची. पाचव्या दिवशी मी वाजलो. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. केलेराने मला गालाशी धरलं, आणि माझा चेहरा ओला झाला.

बोट आली, दिवे लागले. दुसऱ्या दिवशी केलेरा पुन्हा आली. या वेळी थट्टा नव्हती. दाराशीच बसली, नजर खाली.

"लिटिया, तुला अडचण होणार नसेल तर... तो तावोला मला हवाय."

ज्या क्षणाची मी वाट पाहत होतो तो हाच. मला कुणीतरी मागत होतं. पण तेव्हाच लिटियाचा अंगठा माझ्या पाठीवरून एकदा हळूच फिरला, आणि मला कळलं की मला हे नको होतं.

"घे," ती म्हणाली.

आता मी केलेराच्या घरात घड्याळाशेजारी असतो. माझा मान मोठा आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला नातीचे फोटो दाखवताना केलेरा आधी माझं नाव सांगते. गावातल्या पाच जणींनी राजनेशभाईंना निरोप धाडला. ते म्हणाले, होते तेवढे तावोला संपले, वालू बेहून पुन्हा कधी येतील सांगता येत नाही.

रविवारी लोसाना इथेच फोन करते. लिटिया येते, परक्या घरात बसावं तशी चटईच्या कडेला बसते, हळू आवाजात बोलते, आणि मला पुसून फळीवर ठेवते.

मागच्या रविवारी केलेरा म्हणाली, "माझे ते दोन पडलेत, त्यातला एक ने ना."

"नको. तावोला येईपर्यंत थांबते."

"वेडी आहेस. कधी येणार, कुणाला ठाऊक?"

लिटिया चपला घालून गेली.

फळीवरून मला तिचं दार दिसतं. लिटिया, तू मला विकत घेतलंस, पण मागितलं कधीच नाहीस. चार पावलांवर राहतेस. ये, दाराशी बस, नजर खाली ठेव आणि माझं नाव घे. इथे कुणी नाही म्हणत नाही.