डावीकडे ओढणारी गाडी

केंद्राच्या आवारात व्हॅन जिथे उभी राहायची, तिथे फरशीवर तेलाचे नऊ डाग होते. सहा जुने, काळे, कडांना धूळ धरलेले. दोन तांबूस. आणि एक इतका ताजा की त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसत होतं. गाडी रोज वीतभर पुढेमागे लागायची, म्हणून डागांची ओळ झाली होती, पण सगळे होते पुढच्या दोन चाकांच्या मधल्या पट्ट्यात. म्हणजे तेल एकाच जागेतून गळत होतं, आणि आजकालचं नव्हे.

कप्तानाला ते केव्हाचं ठाऊक होतं.

कप्तान म्हणजे व्हॅनचा ड्रायव्हर. पक्षाघातातून सावरणारी, खुब्याचं हाड नुकतंच जुळलेली म्हातारी माणसं घरून आणायची आणि व्यायाम झाला की परत सोडायची, हे त्याचं काम. पण ते करायचा असा, की जणू भर समुद्रात जहाज हाकतोय. म्हणून एका पेशंटने, शिंपीकाकांनी, त्याला हे नाव दिलं आणि ते चिकटलं.

व्हॅनही म्हातारीच होती. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर लोण्यात सुरी, उजवीकडे फिरवलं तर चिखलात फावडं. सोडून दिली की डावीकडे ओढायची. कप्तानाने तिची ही खोड ओळखून घेतली होती. सरळ रस्त्यावरही त्याचे हात चाकाला उजवीकडे अंगठाभर दाबून धरत. का धरत, हे आता हातांनाही आठवत नव्हतं. स्टिअरिंगच्या तेलाची बाटली आणि एक छोटं नरसाळं सीटखाली फडक्यात गुंडाळलेलं असे. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो टाकी भरायचा. मोठ्या बाईंना, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना, त्याने गळतीबद्दल कधी सांगितलं नाही. एकदा व्हॅन दुसऱ्या कुणी दारातून काढायला घेतली आणि कुंड्यांवर घातली. "ती फक्त कप्तानाचंच ऐकते," असं त्या म्हणाल्या होत्या. ते वाक्य कप्तानाने शालीसारखं अंगावर घेतलं होतं.

मग नवी आली.

पेशंट वाढले, कप्तानाला रोज दोन फेऱ्या झेपेनात, म्हणून एक दिवस त्याने आणि एक दिवस तिने चालवायचं ठरलं. पंचविशीची मुलगी, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. तिने काही वाईट केलं असतं तर कप्तानाला बरं वाटलं असतं. पण ती दार अगदी पायरीला लागेल अशी गाडी उभी करायची. कुणाचा कुठला गुडघा दुखतो हे तिला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं. आणि पेशंटांमधल्या, निवृत्त झालेल्या शाळेच्या बाई, ज्यांनी इतक्या वर्षांत कप्तानाला मान हलवण्यापलीकडे काही दिलं नव्हतं, त्या तिच्या दिवशी हट्टाने पुढच्या सीटवर बसू लागल्या.

"काय बोलत असतात त्या तिच्याशी?" कप्तानाने शिंपीकाकांना विचारलं.

"काही नाही रे. ऐकतात. पोरगी गुणगुणते छान."

गुणगुणते! कप्तानाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी त्यानेही गुणगुणून पाहिलं. मागून शाळेच्या बाई म्हणाल्या, "कप्तान, बरं नाही का वाटत?"

घरी तो रोज तिच्याबद्दल काहीतरी सांगायचा. आरसे बदलते, सीट पुढे ओढते, हॉर्न वाजवतच नाही. बायको भांडी पुसता पुसता ऐकायची.

"एवढं तर तुम्ही लग्नाआधी माझ्याबद्दलही बोलला नसाल," ती एकदा म्हणाली. "नाकाला मिरच्या झोंबल्यात तुमच्या. पाणी प्या."

तो पाणी प्यायला. मिरच्या गेल्या नाहीत.

आणि मग त्याने एक गोष्ट केली. खरं तर करायची सोडली. आपल्या दिवशी सकाळी टाकी भरायचा, तिच्या दिवशी नाही. संध्याकाळपर्यंत तेल उतरलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी तिने गाडी काढली की वळणावर पंप कण्हायचा आणि चाक हातात अडकायचं. गाडी आधी वळायचीच नाही आणि मग एकदम वळायची. आपण काही बिघडवलं नाही, फक्त आपली बाटली आपल्यापाशी ठेवली, अशी त्याने मनाची समजूत घातली. तिने एकदा विचारलंही होतं, "मामा, स्टिअरिंगचं तेल बघू का?" तो म्हणाला, "त्याला हात लावायचा नाही. माझ्या अंदाजाने चालतं ते."

"आज गाडी फार डुलली," शिंपीकाका उतरताना म्हणाले. "माझी सुई अशी चालली असती ना, तर गिऱ्हाइकाने सदऱ्यासकट मला उसवलं असतं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," कप्तान त्यांना हात देत म्हणाला, आणि ते वाक्य ओट्यावर उभ्या असलेल्या नवीला ऐकू जाईल इतकं मोठ्याने म्हणाला. तिने फक्त आपल्या हातांकडे पाहिलं.

तो दिवस कप्तानाला फार गोड गेला.

पण पुढच्याच आठवड्यात तिच्या हातून व्हॅन फाटकाच्या खांबाला घासली. आत पाच पेशंट होते. कुणाला लागलं नाही, मोठ्या बाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांनी दोघांना बोलावलं.

"पेशंटच्या वेळा जुळवून फेरी एकच करतेय, आणि सामान आणायला एक छोटा टेम्पो येतोय. पुढच्या महिन्यापासून एकाने रोज व्हॅन चालवायची, दुसऱ्याने टेम्पो. पेशंटना दोन हातांची सवय नको. आधी गाडी नीट करून घेऊ, मग ठरवते. कप्तान, तुझा मेव्हणा मेकॅनिक आहे ना?"

टेम्पो. खोकी आणि गाद्या. कप्तानाच्या डोळ्यांसमोर शाळेच्या बाई आल्या, पुढच्या सीटवर, कायमच्या.

मेव्हणा आला तो अवजारांची पेटी घेऊनच. त्याने पुढची चाकं उचलून धरली, खाली सरकला आणि रॅकच्या, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या आडव्या नळीच्या, टोकाचा रबरी बूट, तो घड्या घड्यांचा नळा, दोन बोटांनी दाबला. आतून लाल तेल भळभळलं.

"दाजी, सील कधीच गेलंय. दांडीही झिजलीय. सील बदलून भागायचं नाही, अख्खा रॅक बदलावा लागेल."

"नुसतं गळती थांबवायचं औषध घालून बघ की," कप्तान म्हणाला. "जुनी गाडी आहे. जितकी उघडू तितकी बिघडेल."

"खुब्याचं हाड मोडलेल्याला मलम चोळतात का इथे?"

केंद्रातल्या माणसासमोर हे वाक्य अचूक बसलं. मेव्हण्याने स्टिअरिंगचं चाक सीटबेल्टने आवळून बांधलं, म्हणजे खालचा सांधा सुटल्यावर ते भलतीकडे फिरू नये. रॅकला चाकांशी जोडणाऱ्या टायरॉडची टोकं काढताना तो आटे पुटपुटत मोजत होता, नव्यावर तितकेच चढवायला. बेल्टचं टोक अडकवण्यासाठी त्याने सीटखाली हात घातला आणि फडक्यातली बाटली वर आली. अर्धी भरलेली.

तो बाटलीकडे पाहत राहिला, मग दाजींकडे.

"ती मुलगी भरायची का हे?"

"तिला कशाला ठाऊक असेल?"

"म्हणजे तिच्या दिवशी..."

"कुणी विचारलं नाही," कप्तान म्हणाला. "तू तुझं काम कर."

मेव्हण्याने बाटली पुसून पेटीत ठेवली. "ताईला सांगत नाही," एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा गाडीखाली गेला. त्यानंतर बराच वेळ तो कप्तानाशी फक्त पान्याचे नंबर बोलला.

नवा रॅक बसला, नळ्यांच्या तोंडाशी नवे वायसर लागले, तेल भरलं. आतली हवा काढायला चाकं अधांतरीच ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवावं लागतं. त्यासाठी कप्तान वर बसला. टाकीत बुडबुडे येत होते आणि थांबत होते. त्याने उजवीकडे फिरवलं. लोणी. डावीकडे फिरवलं. तेही लोणी. दोन्हीकडे एकाच बोटाने. ही गाडी आता कुणाचंही ऐकणार होती.

नवी दाराशी येऊन उभी राहिली.

"मामा, झाली का?"

"झाली."

"मला वाटलं माझेच हात कच्चे आहेत," ती म्हणाली. "पेशंट आले की मीही रोज आत मनगटांचे व्यायाम करत होते. शाळेच्या बाईंच्या शेजारी बसून." ती थोडी हसली. "तुमच्या हातात कशी सरळ जायची, ते बघून जळायची मी."

कप्तानाला हे ऐकून आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, उकळी फुटावी तसा झाला. आणि त्या उकळीत त्याला वाटलं, आत्ताच, सगळ्यांसमोर, एकदाचा निकाल लागू दे.

मेव्हण्याची एक पद्धत होती. रॅकचं काम झालं की तो पुढचा एक टायर ओला करायचा आणि एखाद्या सरळ रेघेला समांतर गाडी नेऊन ओला माग तपासायचा. केंद्राच्या आवारात अशी रेघ तयारच होती. पेशंट तिच्यावर पाय टाकून चालायला शिकत. मेव्हण्याने गाडी नेली. माग रेघेला धरून सरळ उमटला.

"थांब," कप्तान म्हणाला. "मोठ्या बाईंना बोलाव. आम्ही दोघं चालवतो. ज्याचा माग सरळ, त्याची व्हॅन."

"दाजी," मेव्हणा हलक्या आवाजात म्हणाला, "चार दिवस चालवा आधी. हातांना कळू दे."

"माझ्या हातांना तू शिकवणार?"

मोठ्या बाई आल्या. खिडकीत शिंपीकाका आणि शाळेच्या बाई आल्या. मोठ्या बाईंना कल्पना पटली. त्यांना मोजता येईल असं काहीतरी हवंच होतं. अट साधी: नजर समोरच्या भिंतीवर ठेवायची, सावकाश जायचं, टायरचा माग रेघेपासून जास्तीत जास्त जिथे लांब जाईल तिथलं अंतर मोजायचं.

नवी आधी गेली. टोकाला पोचून उतरली आणि मागे वळून न बघता बाजूला उभी राहिली.

पाणी वाळू दिलं. टायर पुन्हा भिजवला. कप्तान बसला, सीट मागे सरकवली, आरसे आपल्या जागी आणले. शिंपीकाकांनी खिडकीतून सलाम ठोकला. त्याने गाडी सोडली आणि नजर भिंतीवर रोवली. पहिल्या काही फुटांतच भिंतीवरची खिडकी डावीकडे सरकू लागली. त्याच्या लक्षात आलं: गाडी ओढत नव्हती, हात दाबत होते. त्याने हात सोडायचं ठरवलं, पण हातांना ठरवलेलं कळलं नाही. खिडकी आणखी सरकली. तेव्हा त्याने चाक डावीकडे घेतलं. व्हॅन लगेच वळली. त्याने परत उजवीकडे घेतलं, जुन्या गाडीला लागायचा तेवढ्याच जोराने.

टोकाला पोचल्यावर तो उतरला नाही. काचेतून त्याला शाळेच्या बाई दिसत होत्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. फरशीकडे बघत होत्या.

मेव्हणा उकिडवा बसला, टेप ओढला, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग उभा राहून त्याने मोठ्या बाईंना आकडे सांगितले. मुलीचं जास्तीत जास्त अंतर तीन सेंटीमीटर. दाजींचं एकवीस.