निळा ठोकळा

आमच्या गावात जावयाला टोपणनाव पडायला वेळ लागत नाही. रोदिओनला ते पहिल्याच हिवाळ्यात पडलं: हँडब्रेक. काळ्या समुद्राकाठचा, उन्हात वाढलेला माणूस. सासुरवाडीला आला, गाडी उभी केली आणि सवयीने दांडा ओढून घरात जाऊन झोपला. सकाळी ब्रेक गोठून ड्रमला असा चिकटला होता की गाडी जागची हलेना. आल्दान नदीच्या काठी हिवाळ्यात हँडब्रेकला कोणी बोटसुद्धा लावत नाही. चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा आणि घरात चहाला जायचं, हे इथे पोरांना चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. रोदिओनही त्या दिवशी शिकला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे नाव ठेवलं होतं खुद्द सासऱ्याने. प्रोकोपीचा सगळा जन्म बर्फाच्या रस्त्यावर गाड्या हाकण्यात गेला. बायको गेल्यावर घरात तो आणि त्याची लेक तुयारा एवढेच उरले. पोरीला त्याने मुलासारखं वाढवलं, गाडीच्या पोटाखाली शिरून काय कुठे ठोकायचं ते शिकवलं. आणि आता हा दक्षिणेकडचा सोम्यागोम्या तिला घेऊन समुद्राकाठी निघाला होता, कायमचा. उद्या सकाळी याकूत्स्कला जायचं, तिथून विमान. तिकिटांत दोघांची सगळी पुंजी गेली होती. विमान चुकलं तर पुन्हा तिकीट काढायची ऐपत नव्हती, हे प्रोकोपीला चांगलं माहीत होतं.

तो रडला नाही, भांडलाही नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी रोदिओन गावात निरोप घेऊन आला तो नदीकडून. काठावर बर्फाच्या वर पाणी चढलं होतं, त्यातून गाडी घातली होती. गाडी लग्नात प्रोकोपीनेच दिलेली, जुनी, पावाच्या लादीसारखी चौकोनी. तिला सगळे पाव म्हणत. घरासमोरच्या उतारावर ती तोंड चढाकडे करून उभी राहिली तेव्हा पोटाखालून पाणी ठिबकत होतं आणि ठिबकता ठिबकता गोठत होतं. रोदिओनने मागच्या चाकाखाली निळा ठोकळा नीट बसवला, वर लाथ मारून पाहिलं आणि आत गेला. इंजिन चालूच होतं. या थंडीत ते बंद करायचं नसतं.

"इंजिनावर जाड लोकरी नमद्याची झूल टाकून येतो," म्हणून प्रोकोपी बाहेर पडला.

झूल टाकली. मग गाडीचं दार उघडून त्याने हँडब्रेकचा दांडा पार वरपर्यंत ओढला. वाकून ठोकळा काढला, कोटाखाली धरला आणि परसातल्या लाकडांच्या ढिगात मागे सारला. तो ठोकळा तुयाराने लहानपणी रंगवलेला, खिडक्यांच्या चौकटींचा उरलेला निळा रंग लावून.  त्याला मजा वाटत होती.

सकाळी निम्मं गाव निरोपाला जमलं. धुराचं आणि वाफेचं धुकं एवढं दाटलं होतं की गाडीची चाकं दिसत नव्हती. आमच्याकडे निघणाऱ्याच्या चाकाखालचा ठोकळा मागे राहणाऱ्याने काढायचा असतो, पण तोही गाडी पुढे जराशी हलल्यावर. रोदिओनने गिअर टाकला. गाडीने आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

"काय जावईबापू," प्रोकोपीने गळा काढला, "गाडीला पण माहेर सोडवेना वाटतं!"

लोक खो खो हसले.

"अरे, ओढला की काय परत?" शेजारची अकुलीना ओरडली. "हँडब्रेक, अरे ए हँडब्रेक!"

रोदिओनने खाली हात घातला. दांडा वर होता. त्याचा चेहरा पडला.

"मी नाही ओढला," तो म्हणाला. "म्हणजे... नसेल ओढला."

"नाही, नाही, दांड्यालाच थंडी वाजली, तो आपला आपण वर आला!" प्रोकोपी म्हणाला, आणि लोक पोट धरून हसायला लागले.

तुयारा सामान टाकून आली. नवऱ्याचं हसं झालेलं तिला सहन होईना, आणि विमानही डोळ्यांपुढे होतं.

"दांडा खाली सोड," ती त्याला म्हणाली. "ब्रेक आत गोठलाय, मी ठोकून सोडवते. गिअर काढ, इंजिन चालू ठेव आणि खाली उतर. कशालाही हात लावू नकोस आता."

तो उतरला. "तुयारा, देवाशपथ, मी ठोकळा लावलाय. ठोकळा लावल्यावर ब्रेक कशाला ओढेन मी?"

प्रोकोपी याच वाक्याची वाट बघत होता. "दाखव बरं कुठाय ठोकळा," हे शब्द रात्रभर त्याने जिभेवर घोळवले होते. पण तुयाराने बापाच्या हातातला, गोठलेलं लोखंड तापवायचा ज्योतीचा दिवा ओढून घेतला, हातोडी घेतली आणि सरपटत गाडीखाली शिरली. ठोकळा लावलाय म्हटल्यावर इथे कोणी वाकून बघत नाही.

प्रोकोपीने तिला शिरताना बघितलं. बोलावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण ड्रम गरम व्हायला वेळ लागतो, असं त्याने मनाशी म्हटलं. बाहेर येऊ दे, सगळ्यांसमोर, तिच्या तोंडावर सांगू, म्हणजे नवऱ्याची लायकी तिला कळेल. एवढा गोड घास त्याला घाईने गिळायचा नव्हता.

ड्रमला वेळ लागतो तो अडाण्याच्या हातात. तुयाराला बापाने शिकवलं होतं. ज्योत कुठे धरायची, हातोडी कुठे मारायची, तिला डोळे मिटून येत होतं. टण, टण, आणि मग कट् असा आवाज आला.

"सुटला!" ती आतून आनंदाने ओरडली.

गाडी मागे सरकली. पुढचं चाक तिच्या कमरेवरून गेलं, आणि पाव उतारावरून धावत जाऊन नदीच्या बर्फावर उभी राहिली, इंजिन चालू, काहीच झालं नाही अशी. कोणी हसत नव्हतं. तुयारा उघड्या बर्फावर पडली होती आणि हातातला दिवा अजून जळत होता.

तेव्हा प्रोकोपी बोलला. माणसाने त्या घडीला तरी गप्प बसावं की नाही? "ठोकळाच लावला नव्हता याने!" तो किंचाळला. "बघा, बघा, कुठाय ठोकळा?"

सगळ्यांनी बघितलं. ठोकळा नव्हता.

रोदिओन गुडघ्यांवर बसून बर्फ उकरत राहिला. "मी लावला होता, मी लावला होता," असं म्हणत होता, आणि अकुलीना त्याच्या अंगावर थुंकली. इस्पितळात तुयाराने त्याला एकदाच जवळ बोलावलं. "खोटारड्या, तू देवाची शपथ घेतली होतीस," ती म्हणाली. "परत तोंड दाखवू नकोस." तो एकटाच गेला. जाताना तोही मानून गेला होता की ठोकळा आपणच विसरलो.

तुयारा घरी आली ती चाकांच्या खुर्चीत. कमरेखाली तिला काही जाणवत नव्हतं. म्हाताऱ्याला हवं होतं तसं झालं. लेक आता कुठेही जाणार नव्हती. तो तिला भरवायचा, उचलून निजवायचा, आणि ती नवऱ्याला शिव्या घालायला लागली की मान हलवायचा.

बर्फ वितळायला लागला तसा लाकडांचा ढीगही तळाला गेला. अकुलीना रोज सकाळी चुलीसाठी मोळी आणून द्यायची. त्या दिवशी तिने लाकडं धाडकन टाकली, आणि त्यातून काहीतरी घरंगळत खुर्चीपाशी आलं.

तुयाराने वाकून उचललं. निळा रंग अजून शाबूत होता.

"हा कुठे होता ग, अकुलीना मावशी?"

"ढिगात. पार मागे, भिंतीशी."

प्रोकोपी दारात दूध घेऊन उभा होता. तुयाराने त्याच्याकडे पाहिलं.  दूध सांडून त्याच्या बुटांवर गेलं.

"अग, मी..." तो म्हणाला.

"झूल टाकायला तुम्ही गेला होतात, बाबा."

ती रडली नाही, ओरडली नाही. अकुलीना तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरून निघून गेली, आणि गावात सांगायचं ते तिने सांगितलंच. प्रोकोपीने ठोकळा चुलीत टाकायला हात पुढे केला, पण तुयाराने तो सोडला नाही.

त्या दिवसापासून रोज हेच: म्हातारा तिची खुर्ची खिडकीशी नेऊन उभी करतो. खुर्चीला ब्रेक आहे, चांगला, घट्ट. म्हातारा सवयीने त्याच्याकडे हात नेतो.

"त्याला हात लावू नका, बाबा. गोठेल," ती म्हणते, आणि मांडीवरचा निळा ठोकळा त्याच्यापुढे धरते. "हा लावा. आणि नीट बघा लागलाय का."

मग म्हातारा दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसतो, ठोकळा चाकाखाली सरकवतो, आणि ती "उठा" म्हणेपर्यंत तिच्या पायांशी तसाच बसून राहतो.