बेडकांचं पाणी

शिंप्याच्या गल्लीत तक्रारींना तोटा नव्हता. रस्त्यावरचा दिवा गेला की तक्रार, शेजारचा कुत्रा भुंकला की तक्रार. पण गल्लीच्या टोकाला जमिनीखालची पाण्याची पाइपलाइन वर्षानुवर्षं गळत होती, तिच्याबद्दल मात्र सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. त्या गळतीचं डबकं झालं होतं. कोणी त्यावर भाजीचे वाफे जगवत होतं, कोणी गाडी धूत होतं. शिंप्याचं कारण वेगळं होतं.

त्याच्या बायकोला विसरण्याचा आजार जडला होता. दिवसभर ती बरी असे. ऊन उतरलं की मात्र कपड्यांची पिशवी भरून स्वतःच्याच दाराशी उभी राही आणि "मला घरी सोडा ना हो" म्हणून विनवू लागे. औषधं झाली, समजूत घालून झाली. एकदा तो तिच्यावर ओरडलाही, त्याची त्याला अजून लाज वाटे. शेवटी उपाय निघाला तो डबक्यातून. तिचं माहेर तळ्याकाठचं. बेडूक ओरडायला लागले की ती पिशवी खाली ठेवून खिडकीशी बसे आणि जेवणाची वेळ होईपर्यंत शांत असे. एवढ्यावर त्याचा संसार चालला होता.

आणि एके दिवशी त्याची भाची आली. ती शहरातल्या पाणथळ जागांचा अभ्यास करत होती. तिचा कामातला जोडीदार गेली काही वर्षं बेडूक मोजायचा, तेही ठिकठिकाणचे आवाज टिपून. ही घरोघर जाऊन माणसांना बोलतं करायची. मग दोघं आपापले नकाशे एकावर एक ठेवायचे. या गल्लीत मात्र नकाशे जुळेनात.

"मामा, बागेतल्या तळ्यात नाहीत इतके बेडूक तुमच्या डबक्यात आहेत," ती म्हणाली, "आणि लोक मला विचारतात, कुठलं डबकं? त्यांना ते नकोसं झालंय का? तिथे भराव घालून वाहनतळ करायचं चाललंय. लोकांनाच नको असेल तर मी कशाच्या जोरावर भांडू?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शिंप्याला कळत नव्हतं असं नाही. पण भराव पडला तर बेडूकही जाणार होते. शिवाय भाची घरची. त्यानं तिला सगळं सांगितलं: पाणी कुठून येतं, गल्ली का बोलत नाही, आणि मामी खिडकीशी का बसते.

भाचीचे डोळे भरून आले. तिनं अहवालात मनापासून लिहिलं, की हे पाणी गळक्या पाइपलाइनचं आहे, आणि लोकांनी तक्रार न करता ते जपलं, म्हणूनच इथे इतके जीव आहेत. ही पाणथळ जागा राखायला हवी. शास्त्र म्हणून त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वाहनतळ खरोखरच रद्द झालं. पण अहवालाची एक प्रत पाणीपुरवठा खात्यात गेली, आणि त्यांनी त्यातलं गळतीचं तेवढं वाचलं. माणसं आली, खोदलं, जोड बदलला, वर माती लोटून गेली. इतकं चोख काम त्या खात्यानं आजवर केलं नव्हतं.

डबकं आटलं. चिखलाला भेगा पडल्या. गल्ली शिंप्याशी बोलेनाशी झाली, आणि बायको पुन्हा पिशवी घेऊन दाराशी उभी राहू लागली.

"मामा, मी वाचवायला गेले होते," भाची रडत म्हणाली.

"माहीत आहे गं. बोललो तर मीच ना." त्याला तिचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा आला होता.

भाचीनं जोडीदाराकडून आवाजाची एक फीत मोबाइलवर घेतली होती. त्यांच्याच खिडकीखाली, आजार वाढायच्या आधी कधीतरी टिपलेली. संध्याकाळी तिनं ती लावली. बेडूक ओरडू लागले. बायकोनं पिशवी खाली ठेवली आणि खिडकीशी बसली. शिंप्याला हायसं वाटलं.

मग बेडकांच्या मागून शिलाई मशीनची खडखड ऐकू आली, आणि एका बाईचा हसरा आवाज. "अहो, या ना. बसा जरा इथे."

"आलो, एवढी शिवण होऊ दे." मशीन चालूच राहिलं.

"अहो, या ना."

मशीन चालूच होतं.

बायको कान देऊन ऐकत होती. शिंपी हळूच तिच्या शेजारी येऊन बसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, परक्याकडे बघावं तसं, आणि अंग चोरून त्याला जागा दिली.

"कोण हो ती? किती हाका मारतेय बिचारी," ती म्हणाली. "आणि नवरा जागचा हलत नाही."

"येईल," शिंपी कसाबसा म्हणाला.

"नाही यायचा तो," ती म्हणाली. "आमचे असते, तर पहिल्या हाकेला आले असते."