बोटभर जागा

मी एक चौकट. तुम्ही मला नक्की पाहिलं असेल, पण माझ्याकडे पाहिलं नसेल. तुमची नजर माझ्यावरून घसरते आणि थेट चित्रात जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आज एक दिवस चित्र राहू द्या बाजूला आणि माझं ऐका. फार दिवस तोंड मिटून बसलेय.

माझा जन्म गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात झाला. या गल्लीत चित्रांची दालनं आहेत, आणि वर्षातून एकदा, एका शनिवार-रविवारी, सगळी एकदम नवी प्रदर्शनं उघडतात. त्याच्या आधीचा आठवडा म्हणजे माझ्या कारागिराची नुसती धांदल. सगळी गल्ली त्याला 'काका' म्हणते. काका हाडाचा कारागीर, पण एक खोड अशी की चित्राचं तोंड म्हणून बघायचा नाही. चित्र पालथं घालायचं, मागून मापायचं, मागूनच खिळे ठोकायचे आणि लगेच कापडात गुंडाळायचं.

"चित्रं बघत बसलो तर चौकटी काय तुझा बाप करणार?" असं तो शेजारच्या शिंप्याला म्हणायचा.

"माझा बाप शिंपी होता. त्याने चित्राला बाह्या लावल्या असत्या," शिंपी म्हणायचा.

मी जुन्या बाकाच्या सागवानाची. रंधा फिरला, कोपरे जुळले, आणि अंगावरून तेलाचा बोळा फिरला तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखं देखणं कुणी नाही. माझ्या आतल्या बाजूने एक बारीक ओठ आहे. चित्र त्याच्यामागे टेकतं, आणि त्याची बोटभर कड त्या ओठाखाली झाकली जाते. सगळ्या चौकटींचं असंच असतं. म्हणून काका चित्रकारांना बजावायचा, "कडेची बोटभर जागा माझी. तिथे काही काढू नका." चित्रकार ऐकायचे.

ऐकलं नाही ते फक्त त्याच्या धाकटीने. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, शिंप्याच्या तोंडून ऐकलेली. पोर त्या दुकानातच, कामाच्या टेबलाखाली बसून चित्रं काढायला शिकली. मोठी झाल्यावर तिने चित्रकलाच करायची ठरवलं आणि काकाचा पारा चढला. आयुष्यभर चित्रकारांची फरफट त्याने जवळून पाहिली होती. तो म्हणाला, "माणसाने आपली कड ओळखून राहावं." ती म्हणाली, "मी कडेपर्यंत रंगवणार, बाबा." आणि दुसऱ्या शहरात निघून गेली. त्यानंतर दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. एवढं प्रेम आणि एवढा अबोला एकाच माणसात कसा मावतो, हे मला लाकडाला अजून कळलेलं नाही.

माझ्यात बसवायला आलेलं चित्र परगावाहून, बांधून आलं होतं. समोरच्या दालनाची बाई या गल्लीत नवी. कोण कुणाचं, तिला काय ठाऊक? तिने ते काकाकडे दिलं. काकाने नेहमीसारखं पालथं घातलं, मापलं, ठोकलं, गुंडाळलं. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, निळ्या रंगात सही होती. ती माझ्या ओठाखाली गेली. मला जाणवत होतं. पण मला पाय आहेत का बाजूला सरायला?

शनिवारी दालन उघडलं. माणसं आली, एकमेकांचे कपडे बघितले, चित्रांकडे पाठ करून गप्पा मारल्या. मग ती आली. खांद्याला झोळी, नखात रंग. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिचं बोट माझ्या खालच्या कोपऱ्यावर येऊन थांबलं.

"ही चौकट कुणी केली?"

"कोपऱ्यावरच्या काकांनी. का हो, आवडली नाही?" दालनाच्या बाईने विचारलं.

"छान आहे. माझं नाव बरोबर शोधून झाकलंय त्यांनी."

अगं वेडे, त्याने चित्र बघितलंसुद्धा नाही! मी आतून ओरडत होते. दालनाच्या मोठ्या काचेतून मला समोरचं दुकान दिसत होतं. ती बाहेर पडली, रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीपाशी गेली. काका पाठमोरा खिळे ठोकत होता. ती उभी राहिली. हातोडा थांबला असता, त्याने नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं. हातोडा थांबला नाही. ती वळली.

रविवारी गल्लीत गाड्या बंद. मुलं रस्त्यावर खडूने चित्रं काढत होती, कुणी पेटी वाजवत होतं, लोकांनी घरातल्या खुर्च्या दारात आणून मांडल्या होत्या. शिंपी प्रदर्शन बघून गेला, आणि त्याचा आवाज मला काचेच्या आत ऐकू आला.

"अरे, त्या चित्रात तुझे पाय आहेत!"

"माझे पाय माझ्यापाशी आहेत."

"चप्पल बघ जाऊन. अंगठ्याला तार बांधलेली. असला चिकटपणा गावात दुसऱ्या कुणाचा?"

काका आला. हाताला सरस तसाच. चित्र बघायला तो आपोआप खाली वाकला, कारण चित्र टेबलाखालूनच काढलेलं होतं. भुशाचा ढीग, टेबलाचे पाय आणि त्यांच्यामध्ये ते दोन पाय, तारेची चप्पल. तो किती वेळ ओणवा होता कुणास ठाऊक. मग त्याने सही शोधली. सापडली नाही, तेव्हा माझ्याकडे बघितलं.

"काका, प्रदर्शन चालू आहे," बाई म्हणेपर्यंत मी भिंतीवरून खाली होते. त्याने मागचे खिळे उपटले, चित्र बाहेर काढलं. कडेला तिचं नाव, आणि त्याला लागूनच काकाचं नाव. दोन्ही मिळून एक सही.

"ही पोरगी कुठाय?"

"सकाळच्या बसनेच गेल्या. ओळखता तुम्ही?"

"माझी धाकटी," तो म्हणाला. आवाज असा, जणू पहिल्यांदाच कुणाला सांगतोय.

कोपऱ्याच्या जोडात केस शिरला तरी नवी चौकट चुलीत घालणारा हा माणूस. त्याने भर गल्लीत, शिंप्याच्या खुर्चीत बसून, पटाशीने माझा ओठ त्या कोपऱ्यात तासला.

"वेड लागलं का? चांगली चौकट बिघडवतोस!" शिंपी ओरडला.

"बिघडली होती. नीट करतोय."

दुखलं. खोटं कशाला बोलू? पण इतकं सुखाने दुखलेलं मला आठवत नाही.

त्याने दालनाच्या बाईकडून निरोप धाडला, "चौकट दुरुस्त झालीय, न्यायला ये म्हणावं." सरळ 'ये' म्हणायला काय झालं होतं? तिचं उत्तर आलं, "राहू दे तिथेच. बघते कधी जमतंय." तीही त्याचीच पोर.

म्हणून मी आता तिच्या चित्रासकट दुकानात, टेबलासमोर टांगलेली आहे. वर्ष सरत आलं. गल्लीत पुन्हा दिव्यांच्या माळा लागतायत. काकाने आपलं टेबल फिरवून घेतलंय, आता तो दाराकडे तोंड करून ठोकतो. पायरीवर पाऊल वाजलं की हातोडा थांबतो. शिंपी असला तर पुन्हा सुरू होतो.

तुम्ही या शनिवारी गल्लीत याल. गर्दीत झोळी घेतलेली, नखात रंग असलेली एखादी मुलगी पायरीपाशी घुटमळताना दिसली, तर तिला एवढंच सांगा : आत ये, खाली वाक, उजवा कोपरा बघ. तुझी बोटभर जागा मोकळी आहे.